गार्सिया द ओर्ता : आधी विचारणारा वैद्य

स्मरणिकेसाठी लेख मागवताना संपादक मंडळाने आठवणींच्या जोडीला एखाद्या जुन्या, नामवंत व्यक्तीचं चरित्रही हवं असं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे दिलं. मी शिक्षणाने इंजिनिअर, वीसेक वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत. चरित्रलेखन हा माझा प्रांत नाही, पण वाचनाची आवड याच शाळेने लावली, तेव्हा नाही म्हणवलं नाही.

आपल्या सर-बाईंना प्रश्न पडेल की चार हुतात्मे आणि डॉ. कोटणीस यांच्या सोलापुरात बसून ही मुलगी साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका पोर्तुगीज वैद्यावर का लिहिते आहे. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण असं, की गार्सिया द ओर्ता या माणसाने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि ते सबंध पुस्तक म्हणजे दोन जुन्या वर्गमित्रांच्या गप्पा आहेत. वर्गमित्रांच्या मेळाव्याच्या स्मरणिकेत त्याला जागा मिळायला हरकत नसावी. दुसरं कारण गंभीर आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन बनवणारा कारखाना पोलिसांनी पकडला. ज्या रस्त्याने आपण पुण्याला जातो-येतो, त्या रस्त्यालगत हे चाललं होतं. नशा हा विषय मुंबई-पुण्याचा राहिला नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. नशा करणाऱ्या माणसांकडे बघायचं कसं, हे आपल्या भागात सर्वांत आधी लिहून ठेवलेल्या माणसांपैकी ओर्ता एक आहे.

ओर्ताचा जन्म 1501 च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलु द व्हिद या गावी झाला. गाव स्पेनच्या सरहद्दीला लागून. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये स्पेनच्या राजा-राणीने ज्यूंना देश सोडायला लावला तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आलं. पाचच वर्षांनी पोर्तुगालच्या राजाने तिथल्या सगळ्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करून घेतलं. अशा कुटुंबांना नवे ख्रिस्ती म्हणत. नाव बदललं, देवळात जाणं सुरू झालं, तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचा संशय गेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा कसा लावतात, डुकराचं मांस खातात की नाही, यावर लोकांची नजर असे. गार्सिया आणि त्याच्या बहिणी अशा घरात वाढल्या. बाहेर काय बोलायचं आणि घरात काय बोलायचं, हे दोन्ही त्यांना लहानपणापासून वेगवेगळं शिकावं लागलं असणार.

मुलगा हुशार होता. सालामांका आणि आल्काला या स्पेनच्या दोन नामांकित विद्यापीठांत तो शिकला, वैद्य झाला, गावी परतून त्याने काही वर्षं वैद्यकी केली. मग लिस्बनला गेला आणि तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. त्या काळी वैद्यकाचं शिक्षण म्हणजे मुख्यतः पाठांतर. ग्रीक डायोस्कोरिडीझ आणि गॅलेन, अरबी परंपरेतला इब्न सिना यांनी जे लिहिलं तेच प्रमाण. त्यातल्या कितीतरी वनस्पती शिकवणाऱ्याने कधी पाहिलेल्या नसत आणि शिकणाऱ्यानेही. मिरी कशी उगवते, दालचिनी कुठल्या झाडाची साल, अफू कोण खातं आणि किती, याची उत्तरं हजार-पंधराशे वर्षं जुन्या ग्रंथांत शोधायची, अशी पद्धत होती.

मार्च 1534 मध्ये मार्तिम अफोन्सु द सोझा या सरदाराच्या ताफ्याबरोबर त्याचा वैद्य म्हणून ओर्ता जहाजावर चढला आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला उतरला. पोर्तुगालमध्ये धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, 1536 मध्ये सुरू झाली. दोन वर्षं आधी निघाल्यामुळे तो त्या तडाख्यातून वाचला. पुढची 34 वर्षं, मरेपर्यंत, तो इथेच राहिला.

पहिली काही वर्षं तो सोझाबरोबर लढायांमध्ये फिरला. गुजरातचा किनारा, दीव, वसई, घारापुरी त्याने पाहिली. नंतर गोव्यात स्थिर झाला, गव्हर्नरांपासून सामान्य खलाशांपर्यंत सगळ्यांना औषध देऊ लागला. व्यापारही केला. मुंबईचं बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं, हे वाचून आज हसू येतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवलंय.

आपल्या भागाशी त्याचा खरा संबंध आला तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहामुळे. सोलापूरकरांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असायला हवं. 1524 मध्ये विजापूरच्या आदिलशहाची बहीण बुऱ्हाणला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून द्यायचं कबूल झालं होतं. तो काही दिला गेला नाही, आणि आपल्या भुईकोट किल्ल्यावरून दोन्ही घराण्यांत पुढे वर्षानुवर्षं लढाया झाल्या. त्याच बुऱ्हाणशी ओर्ताचा चांगला स्नेह जमला होता. घाट चढून तो अनेकदा निजामशाही मुलखात येई. दरबारात अरबी-फारसी परंपरेचे हकीम असत, त्यांच्याशी त्याच्या चर्चा होत. गोव्यातल्या हिंदू वैद्यांनाही तो विचारी. महामारीच्या उलटी-जुलाबाला इथले लोक मोडशी म्हणतात, हे त्याने आपल्या पुस्तकात नोंदवलं. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज पुस्तकात सापडतो, तेव्हा मोठी गंमत वाटते.

1563 च्या एप्रिलमध्ये त्याचं पुस्तक गोव्यात छापून झालं. हिंदुस्थानातली औषधं आणि औषधी द्रव्यं यांच्याविषयीचे संवाद, असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. गोव्याचा छापखाना तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. खिळे जोडणाऱ्यांच्या चुका इतक्या, की शुद्धिपत्राचीच पानंच्या पानं झाली. आमच्या धंद्यात नव्या सॉफ्टवेअरबरोबर ठाऊक असलेल्या त्रुटींची यादी देतात, तसाच तो प्रकार. पण याच पुस्तकात कामोंइश या पुढे पोर्तुगालचा महाकवी ठरलेल्या माणसाची कविता पहिल्यांदा छापली गेली.

पुस्तक त्याने विद्वानांच्या लॅटिनमध्ये न छापता पोर्तुगीजमध्ये छापलं, आणि संवादाच्या रूपात लिहिलं. ओर्ताच्या घरी रुआनो नावाचा एक पाहुणा येतो. हा त्याचा सालामांका आणि आल्कालाचा जुना सहाध्यायी, नुकताच जहाजातून उतरलेला. रुआनो काल्पनिक आहे. त्याने सगळी पुस्तकं पाठ केलेली आहेत. प्रत्येक वनस्पतीबद्दल तो म्हणतो की अमुक ग्रंथात तर असं लिहिलंय. ओर्ता त्याला म्हणतो की मी पाहिलंय ते वेगळं आहे. मधेच अंतोनिया नावाची मोलकरीण झाडाची फांदी किंवा फळ घेऊन येते, कधी दारात रुग्णाचा निरोप येतो, जेवणाची वेळ होते. खरं तर रुआनो म्हणजे कॉलेजातून बाहेर पडलेला तरुण ओर्ताच. तीस वर्षांच्या अनुभवानंतर त्याने आपल्याच विद्यार्थिदशेला समोर बसवून प्रश्न विचारायला लावले.

आता मुख्य विषयाकडे येते. या संवादांत भांग, अफू आणि धोतरा यांच्यावर वेगवेगळी प्रकरणं आहेत. तिन्ही वस्तू आपल्याला परक्या नाहीत. धोतरा आपण शंकराला वाहतो, भांग महाशिवरात्रीला आणि होळीला आठवते, आणि अफूच्या बोंडांतल्या बिया म्हणजे खसखस अनारशाला लागते.

भांगेच्या प्रकरणात ओर्ता आधी झाडाचं वर्णन करतो. युरोपात दोर वळण्यासाठी लावतात त्या झाडासारखं हे दिसतं, पण दोन्ही एक नाहीत, हे तो सांगतो. मग पानं आणि बिया कुटून त्यात सुपारी, जायफळ, लवंग, कापूर, कस्तुरी, कधी अफूसुद्धा कशी मिसळतात, ते सांगतो. मग येतो परिणाम. इथे त्याची लिहिण्याची रीत मला विशेष आवडते. माहिती कुठून आली हे तो प्रत्येक वेळी सांगतो. गुजरातचा सुलतान बहादुरशहा म्हणे, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान किंवा अरबस्तानात फिरून यावंसं वाटलं की थोडी भांग घ्यायची, बस्स. ही गोष्ट सुलतानाने सोझाला सांगितली आणि सोझाने ओर्ताला. म्हणजे ही ऐकीव. निजामशाही मुलखात एका पोर्तुगीज विदूषकाने भांगेचा पाक खाल्ला आणि तो हसायचं सोडून उदास होऊन बसला. हे ओर्ताने स्वतः पाहिलं. म्हणजे ही डोळ्यांदेखतची. आणि त्याच्या घरचे नोकर त्याला न सांगता भांग घेत. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, की कामाचा शीण जाणवत नाही, मन खूष राहतं आणि भूक चांगली लागते. ही ज्याने घेतली त्याच्या तोंडची.

आम्ही माहितीचे तक्ते बनवतो तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली याचा एक रकाना ठेवतो. तो नसेल तर पुढे काही खरंखोटं करता येत नाही. ओर्ताने हा रकाना 1563 मध्ये ठेवला होता. शिवाय सुलतान, विदूषक आणि चाकर तिघांनाही एकच वस्तू वेगवेगळी का लागते, हे त्याला दिसलं. सुलतानाला सैर हवी होती, सरदारांना लढाईच्या काळजीतून झोप हवी होती, आणि नोकराला दिवसभराचं ओझं हलकं करायचं होतं. पदार्थ तोच, गरज वेगळी. आज व्यसनांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ पहिल्या तासाला हेच शिकवतात.

त्याची बाजू घेताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. त्याच्या घरात काम करणारी माणसं मोकळी नव्हती, त्या काळच्या गोव्यात घरोघरी गुलाम असत. मालकाने विचारल्यावर नोकर किती खरं बोलेल? शिवाय त्या नोकरांची नावं त्याने दिली नाहीत. सुलतानाचं नाव राहिलं, नोकरांचं गेलं. तरीही भांग कशासाठी घेतली याचं त्यांचं उत्तर त्याने फटक्याचं कारण केलं नाही, छापायच्या लायकीची माहिती मानलं. त्या काळच्या मानाने हे थोडं नाही.

अफूचं प्रकरण जास्त गंभीर आहे. माळव्यातून खंबायतमार्गे येणारी अफू तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे खपत असे. ओर्ताला निजामशहाचा एक चिटणीस माहीत होता, मूळचा खुरासानचा. तो रोज तीन तोळे अफू खाई, म्हणजे आजच्या हिशोबाने 35 ग्रॅमच्या आसपास. नवख्या माणसाचा याच्या कितीतरी कमी अफूने जीव जाईल. माणूस शिकलेला, अक्षर सुंदर, मसुदे उत्तम. पण सदा पेंगत असलेला. मात्र त्याच्याशी कामाचं बोलणं काढलं की तो शहाण्यासारखा, विद्वानासारखा बोले. या चार ओळींत ओर्ताने त्या माणसाची थट्टा केली नाही की त्याला पापी ठरवलं नाही. त्याची हुशारी आणि त्याची ग्लानी दोन्ही शेजारी-शेजारी मांडली. अफूने कामशक्ती वाढते असा पोर्तुगिजांत समज होता, तोही त्याने खोडून काढला. उलट ती घटते, असं त्याचं म्हणणं.

याच अफूकडे दुसऱ्या एका पोर्तुगिजाने कसं पाहिलं, ते इथे सांगते. गोवा जिंकणारा अफोन्सु द अल्बुकर्क याने 1513 मध्ये राजाला पत्र लिहिलं. हिंदुस्थानातल्या लोकांना अफू खाल्ल्याशिवाय चालत नाही, तेव्हा पोर्तुगालच्या शेतांत खसखशीची लागवड करून अफू इकडे पाठवली तर दरसाल मोठा नफा होईल, असा त्याचा सल्ला. माणूस एकदा सवयीत अडकला की त्याची सुटका नाही, ही गोष्ट दोघांनाही कळली होती. अल्बुकर्कला त्यात गिऱ्हाईक दिसलं, ओर्ताला माणूस. पुढे इंग्रजांनी बंगाल आणि माळव्याच्या अफूवर चीनशी केलेला व्यापार आणि त्यासाठी झालेली युद्धं आपण इतिहासात शिकलो. ती पहिल्या वाटेने गेली.

धोतऱ्याच्या प्रकरणात गप्पा चालू असतानाच एका घरून बोलावणं येतं. मोलकरणीने मालकिणीला जेवणातून धोतरा घातला, किल्ल्या काढल्या, दागिने घेतले आणि पळून गेली. धोतरा चढलेला माणूस काहीही विचारलं तरी हसत सुटतो, समोर चोरी झाली तरी त्याला कळत नाही, म्हणून चोरांचा हा आवडता उपाय, असं ओर्ता सांगतो. उलटी करवणं वगैरे उपचारही लिहितो. रेल्वेत बिस्किटातून गुंगीचं औषध देऊन लुटल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. शंकराच्या पिंडीवरचं फूल, वैद्याच्या बटव्यातलं औषध आणि चोराचं हत्यार, तिन्ही एकाच झाडाची. वस्तू चांगली की वाईट, हा प्रश्न तिथे उरतच नाही. कुणी, कुणाला, किती आणि कशासाठी दिली, एवढंच विचारावं लागतं.

इथवर ही एका जिज्ञासू वैद्याची गोष्ट झाली. पण ओर्ताच्या आयुष्याची दुसरी बाजू पुस्तकात कुठेच नाही. 1540 च्या दशकात त्याच्या बहिणींना लिस्बनमध्ये धर्मन्यायसभेने पकडलं होतं. सुटल्यावर त्या आणि आई 1549 मध्ये गोव्याला त्याच्याकडे आल्या. त्याने नात्यातल्याच ब्रियांदा द सोलिस हिच्याशी लग्न केलं होतं. मुली झाल्या, संसार फारसा सुखाचा नव्हता. 1560 मध्ये धर्मन्यायसभा गोव्यातही स्थापन झाली. म्हणजे ज्या तीन वर्षांत पुस्तक पुरं होऊन छापलं जात होतं, त्या तीन वर्षांत लेखकाच्या घरावर ही टांगती तलवार होती. प्रत्येक गोष्ट कुठून कळली हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस स्वतः कोण आहे, हे मात्र एका शब्दाने सांगू शकत नव्हता.

1568 मध्ये तो वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बहीण कातारिनाला अटक झाली. तिचा छळ झाला. त्यात तिने आपला भाऊही मनाने ज्यूच होता असं सांगितलं. 25 ऑक्टोबर 1569 रोजी तिला गोव्यात जाळण्यात आलं. ओर्तावरचा खटला त्याच्या मरणानंतरही चालला. 1580 च्या डिसेंबरमध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून काढली, जाळली आणि राख मांडवी नदीत टाकली.

ही माहिती आपल्याला कुठून मिळाली? धर्मन्यायसभेच्याच कागदांतून. त्यांनीही प्रश्न विचारले आणि उत्तरं बारकाईने लिहून ठेवली. पण उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं होतं, माणसाने ते कबूल करेपर्यंत प्रश्न थांबत नसत. एकाच गोव्यात, एकाच दशकात, विचारण्याचे हे दोन प्रकार चालू होते. ओर्ता नोकराला विचारे ते उत्तर ठाऊक नसल्यामुळे. न्यायसभा कातारिनाला विचारत होती ती उत्तर हवं असल्यामुळे. नशेच्या प्रश्नात हा फरक आजही पावलोपावली लागतो.

पुस्तक मात्र जाळण्यातून निसटलं. क्लूसियस नावाच्या युरोपियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1564 मध्ये लिस्बनला त्याची प्रत मिळवली आणि 1567 मध्ये अँटवर्पहून लॅटिन संक्षेप छापला. तो युरोपभर पसरला, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ओर्ता शास्त्रज्ञांत अमर झाला तो यामुळे. पण क्लूसियसने संवाद काढून टाकले. रुआनो गेला, अंतोनिया गेली, जेवणाची वेळ आणि दारातला निरोप गेला. वनस्पतींची नेटकी वर्णनं राहिली. मूळ पोर्तुगीज पुस्तक नीट संपादित होऊन पुन्हा छापायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. कोंद द फिकाल्यु यांनी ते काम केलं, आणि 1913 मध्ये इंग्रजी भाषांतर झालं.

ओर्ताची विचारण्याची रीत पुढे आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर एकदा वापरली गेली. 1893 मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांग-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. सात सदस्यांत तीन भारतीय होते. 1193 साक्षीदार तपासले गेले. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदींत वेडाचं कारण म्हणून गांजा हा शब्द सर्रास सापडे. आयोगाने 1892 सालच्या अशा नोंदी एकेक करून तपासल्या. तेव्हा कळलं की रकाना भरायचा म्हणून पोलिसांनी किंवा कारकुनांनी गांजा लिहून टाकला होता. निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. भरलाच पाहिजे असा रकाना ठेवला की माणसं काहीतरी भरतात, हे आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज बघतो. आयोगाने 1894 मध्ये सांगितलं की माफक सेवनाने विशेष हानी दिसत नाही, अतिरेकाने होते. सरसकट बंदीपेक्षा नियंत्रण आणि कर बरा.

अमेरिकेत 1930 च्या दशकात आल्फ्रेड लिंडस्मिथ या तरुण समाजशास्त्रज्ञाने शिकागोत अफू-मॉर्फिनच्या व्यसनी माणसांशी बसून बोलायला सुरुवात केली आणि पुढे जन्मभर हाच विषय धरला. औषध घेतल्याने होणारा आनंद हे व्यसनाचं मूळ नाही, असं त्याला आढळलं. ते न मिळाल्याने होणारा त्रास त्यामुळेच होतो हे माणसाला उमगतं, आणि तो त्रास थांबवण्यासाठी तो पुन्हा घेतो, तिथे व्यसन सुरू होतं. व्यसनी माणूस जन्मजात गुन्हेगार, असं म्हणणाऱ्या सरकारी खात्याला हे रुचलं नाही. पण निजामशहाचा तो पेंगणारा चिटणीस या सिद्धांतात बरोबर बसतो.

आपल्याकडे 1985 मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. त्यात गांजा आणि चरस आहेत, पण नुसती पानं, म्हणजे भांग, त्या व्याख्येत येत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. सेवनाचा किंवा अगदी अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाली, तर तिला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद कलम 64 अ मध्ये आहे. पुण्यात 1986 मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून हजारो कुटुंबांना कळलं की व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. तिथेही कामाचा पाया बोलणं आणि ऐकणं हाच आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या बॅचच्या गटावर एक नाव नाही. ते का नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी ते लिहीत नाही. तो असताना त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ होते. कशासाठी घेतोस, त्याने तुझं काय हलकं होतं, असं त्याला विचारणारं कुणी होतं का, मला माहीत नाही. ओर्ताने आपल्या नोकरांना हेच विचारलं होतं. विचारल्याने प्रत्येक जण वाचतो, असं मी म्हणत नाही. निजामशहाचा चिटणीसही शेवटपर्यंत पेंगतच राहिला असेल. पण विचारल्याखेरीज कुठून धरून ओढायचं, हे तरी कसं कळणार?

संयोजकांना एक विनंती करते. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, आताच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी एक तास ठेवता आला तर बघा. व्यसनातून बाहेर आलेला कुणी बोलायला तयार असेल तर त्याला बोलवू. आपल्यातले दोन डॉक्टर आणि एक वकील कायद्याचं आणि उपचारांचं सांगतील. भाषण कमी, मुलांचे प्रश्न जास्त. आणि पणजीला गेलात तर चर्चच्या समोरच्या उद्यानात थोडं बसा. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता उद्यान आहे. ज्याची राख मांडवीत टाकली, त्याच्या नावाची बाग त्या नदीपासून चालत पाच मिनिटांवर आहे.